घराचा दर्शनी भाग आणि घराचं परसदार : जुन्या अमेरिकन घरांचा आस्वाद



सौंदर्यविचारावरच्या आपल्या या मालेत आज घराचा विषय घेतलाय. चित्र, शिल्प, संगीत यांच्या आस्वादाबद्दल आपल्याकडे पुष्कळ बोललं गेलंय. घराबद्दल त्या मानानं कमी. याचं एक कारण असं की, सौंदर्यशास्त्राच्या दृष्टीनं घर ही जरा अडचणीची वस्तू आहे. चित्र पाहून आपण बाजूला होतो. घरात माणसं राहतात, जेवतात, आजारी पडतात, भांडतात. त्या घरात कोणीतरी पाणी भरतं, कोणीतरी चुलीपुढे बसतं. मग ‘हे घर सुंदर आहे’ असं आपण म्हणतो तेव्हा नेमकं कशाला सुंदर म्हणतो? भिंतींना, की त्या भिंतींमध्ये चाललेल्या जगण्यालाही?

उदाहरणं अमेरिकेतली घेणार आहोत. त्याला कारण आहे. आपल्या जुन्या घरांचं मोजमाप करून ते जपून ठेवण्याचं काम त्या देशानं फार पद्धतशीरपणे केलं. १९३३ साली, मंदीच्या काळात, बेकार झालेल्या वास्तुरचनाकारांना हाताशी धरून तिथल्या सरकारनं जुन्या इमारतींचे नकाशे काढण्याची मोहीम सुरू केली. ते नकाशे आज लायब्ररी ऑफ काँग्रेसकडे आहेत आणि घरबसल्या कोणालाही पाहता येतात. शिवाय, ज्या प्रश्नाला आपण आज हात घालणार आहोत, त्यावर तिथे उघडपणे आणि दीर्घकाळ वाद झालेला आहे. आपल्या श्रोत्यांपैकी अनेकांची मुलं-नातवंडं त्या देशात आहेत, तिकडे जाणं-येणं असतं, तेव्हा यातली काही घरं आपल्यातल्या काहींनी पाहिलेलीही असतील.

सुरुवात एका पुस्तकापासून करू. व्हर्जिनिया आणि ली मॅकॲलेस्टर यांचं ‘अ फील्ड गाइड टू अमेरिकन हाउसेस’ हे पुस्तक १९८४ साली आलं. अमेरिकेतल्या घरांच्या शैली ओळखायला शिकवणारं हे सर्वांत प्रसिद्ध पुस्तक म्हणायला हरकत नाही. नावच पाहा, फील्ड गाइड. पक्षी ओळखायला आपण जशी पुस्तिका खिशात ठेवतो, तसं हे घरांसाठी. चोच कशी, शेपूट केवढी, पंखांवर पट्टा आहे का. तसंच छपराचा उतार किती, खिडक्यांची मांडणी कशी, दारावर त्रिकोणी माथा आहे का, खांब कोणत्या घडणीचे. एवढं पाहिलं की नाव सांगता येतं : हे जॉर्जियन, हे ग्रीक रिव्हायव्हल, हे क्वीन ॲन.

या पुस्तकाबद्दल आम्हांला आदर आहे. ते प्रामाणिक आहे, चित्रं उत्तम आहेत आणि बड्या लोकांच्या हवेल्यांबरोबर साध्या लोकघरांनाही त्यात जागा आहे. असं पुस्तक हातात असलं की रस्त्यानं चालताना डोळे उघडतात. आजवर जी नुसतीच ‘जुनी घरं’ होती, ती वेगवेगळी दिसू लागतात. आस्वादाची पहिली पायरी भेद दिसणं हीच असते. ज्याला सगळे राग सारखेच ऐकू येतात, त्याला कुठलाच राग आवडला असं म्हणण्यात अर्थ नसतो.

पण पायरी ही पायरीच. शैलीचं नाव कळलं की घर कळलं, असा समज या पद्धतीतून सहज तयार होतो आणि तो तपासायला हवा. पहिली गोष्ट, ही नावं बहुतेक वेळा घर बांधणाऱ्यांची नसतातच. इंग्लंडची राणी ॲन १७१४ साली वारली. अमेरिकेतली ‘क्वीन ॲन’ घरं एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांतली. बुरुजासारखा गोल कोपरा, वेडंवाकडं छप्पर, घराला वळसा घालणारी ओसरी, ओसरीला कातीव लाकडाचे खांब आणि जाळीकाम. राणीचा या सगळ्याशी काडीचा संबंध नाही. संबंध आहे तो यंत्रावर लाकूड कातणाऱ्या कारखान्यांचा आणि तो माल गावोगाव पोचवणाऱ्या रेल्वेचा. ‘शिंगल स्टाइल’ हे नाव तर व्हिन्सेंट स्कली या कला-इतिहासकारानं विसाव्या शतकाच्या मध्यावर दिलं. ज्यांनी ती घरं बांधली, त्यांना आपण ‘शिंगल स्टाइल’मध्ये बांधतोय याचा पत्ताही नव्हता.

मॅसॅच्युसेट्स राज्यात डेडहॅम इथे फेअरबँक्स हाउस आहे. उत्तर अमेरिकेत टिकून राहिलेलं लाकडी सांगाड्याचं सर्वांत जुनं घर म्हणून ते ओळखलं जातं. तुळयांच्या लाकडातली वर्तुळं मोजून त्याचं बांधकाम १६३७ ते १६४१ च्या दरम्यानचं ठरवलेलं आहे. मधोमध धुराड्याचा जाडजूड खांब, तीव्र उताराचं छप्पर, गरजेप्रमाणे जोडत नेलेल्या खोल्या. जोनाथन फेअरबँक्सनं काही शैली निवडली नव्हती. इंग्लंडमध्ये घर जसं बांधत, तसं त्यानं इथल्या लाकडात आणि इथल्या थंडीत बांधलं. धुराडं मध्ये, कारण ऊब मध्ये हवी. छप्पर तीव्र, कारण बर्फ आणि पाणी घसरून जायला हवं. इथे नाव कमी उपयोगाचं आहे. प्रत्येक गोष्टीमागचं कारण विचारत गेलो की घर कळत जातं.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. पक्षी ओळखण्याच्या पद्धतीनं घराकडे पाहिलं की आपण नेहमी रस्त्यावर उभे असतो. आपल्याला दिसतो तो दर्शनी भाग. आणि दर्शनी भाग म्हणजे मालकानं जगाला जे सांगायचं ठरवलं, ते. परसदारी काय आहे, याबद्दल शैलीचं नाव गप्प असतं.

आता इथे आम्ही तत्त्वज्ञानवाले कांटकडे वळल्याशिवाय राहत नाही, तेवढी सवलत द्या. कांटच्या ‘क्रिटिक ऑफ जजमेंट’मध्ये, म्हणजे १७९० च्या ग्रंथात, अगदी सुरुवातीलाच एका राजवाड्याचं उदाहरण आहे. कांट म्हणतो, समजा मला कोणी विचारलं की समोरचा राजवाडा सुंदर आहे का, तर मी अनेक उत्तरं देऊ शकतो. मी म्हणू शकतो की नुसतं तोंडात बोट घालायला लावणाऱ्या अशा गोष्टी मला आवडत नाहीत. किंवा पॅरिसला गेलेल्या त्या इरोक्वा सरदारासारखं म्हणू शकतो की या शहरात मला खाणावळींपलीकडे काही भावलं नाही. किंवा रूसोसारखा चिडून विचारू शकतो की गरिबांचा घाम असल्या चैनीवर का उधळता? कांट म्हणतो, हे सगळं मान्य, पण मुद्दा तो नाही. प्रश्न असा की, या वस्तूच्या नुसत्या दर्शनानं, तिच्या असण्या-नसण्यात माझा काही स्वार्थ नसताना, मला आनंद होतो का?

गंमत पाहा. कांटच्या उदाहरणात अमेरिकेतला एक मूळ रहिवासी येतो, घाम गाळणारे येतात, आणि दोघांनाही अदबीनं दाराबाहेर उभं केलं जातं. सौंदर्याचा निवाडा करताना त्यांनी आत यायचं नाही. मराठीत या वादाशी आपली ओळख आहे. रा. भा. पाटणकरांनी ‘सौंदर्यमीमांसे’त अलौकिकतावादी आणि लौकिकतावादी अशा ज्या दोन बाजू मांडल्या, त्यांतल्या पहिल्या बाजूला हे राजवाड्याचं उदाहरण फार सोयीचं आहे.

पण थोडं पुढे वाचलं की तोच कांट वेगळं बोलताना दिसतो. सौंदर्याचे तो दोन प्रकार करतो. एक स्वायत्त : फूल, पक्ष्याची पिसं, नक्षी. दुसरं परायत्त : ज्यात ती वस्तू कशासाठी आहे, ही कल्पना आधी गृहीत धरावी लागते. या दुसऱ्या प्रकाराच्या उदाहरणांत तो चर्च, शस्त्रागार, बागेतलं घर आणि राजवाडा यांची नावं घेतो. म्हणजे राजवाडा परत आला, आणि आता तो कशासाठी आहे हे विचारल्याशिवाय त्याच्या सौंदर्याबद्दल पुरतं बोलता येत नाही. मग आमचं म्हणणं इतकंच : घर कशासाठी आहे, हा प्रश्न आला, की घर कोणासाठी आहे आणि कोणाच्या जिवावर आहे, हा प्रश्न त्याच दारानं आत येतो. त्याला बाहेर थांब असं सांगता येत नाही.

हे हवेत बोलणं होऊ नये म्हणून एका घराकडे नीट पाहू. (पडद्यावर चित्र.) हे व्हर्जिनियातलं माँटिचेलो. थॉमस जेफरसनचं घर. १७७६ च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याचा लेखक, पुढे अमेरिकेचा तिसरा अध्यक्ष. १९३८ पासून अमेरिकेच्या ५ सेंटच्या नाण्यावर हे घर आहे. १९८७ साली युनेस्कोनं व्हर्जिनिया विद्यापीठासह त्याला जागतिक वारशात घेतलं.

जेफरसन पुस्तकं वाचून वास्तुकला शिकला. त्याचा गुरू म्हणजे सोळाव्या शतकातला इटालियन वास्तुकार पल्लाडिओ, तोही ग्रंथांतून भेटलेला. एका टेकडीचा माथा सपाट करून १७६९ च्या सुमारास त्यानं काम सुरू केलं. मग १७८४ ते १७८९ फ्रान्समध्ये राहिला, पॅरिसमधली नवी घरं पाहिली, परत आल्यावर १७९६ पासून आपलं घर पाडून-वाढवून पुन्हा रचलं. काम १८०९ च्या आसपास आटोपलं. चाळीस वर्षं माणूस एकच घर बांधत होता म्हणा ना.

आधी कांट म्हणतो तसं, नुसतं पाहू. मर्ढेकरांनी लयीचे जे तीन नियम सांगितले, संवाद, विरोध आणि समतोल, ते घेऊन पश्चिमेच्या बाजूला उभे राहू. लाल विटांची भिंत आणि पांढरं लाकूडकाम, हा रंगांचा विरोध. ओसरीचा त्रिकोणी माथा आणि त्यामागे वर येणारा अष्टकोनी घुमट, हा आकारांचा विरोध. पण दोन्ही एकाच मध्यरेषेवर असल्यामुळे ते भांडत नाहीत. डाव्या-उजव्या बाजू एकमेकींना तोलून धरतात. घर प्रत्यक्षात तळघरावर ३ मजल्यांचं आहे, पण दिसतं एकमजली. वरच्या खोल्यांच्या खिडक्या जमिनीलगत ठेवून त्या खालच्या खिडक्यांशी अशा जुळवल्या आहेत की बाहेरून मजल्यांची गणती लागत नाही. त्यामुळे घर टेकडीवर चढून बसल्यासारखं वाटत नाही, पसरून टेकल्यासारखं वाटतं. हे सुंदर आहे. त्यात शंका घेण्याचं कारण नाही.

आता आत जाऊ. दिवाणखान्यातून जिना शोधू लागलात तर पटकन सापडत नाही. मोठा देखणा जिना म्हणजे जागेचा अपव्यय, असं जेफरसनचं मत. त्यामुळे जिने बाजूला, जेमतेम दोन फूट रुंदीचे, उभ्या चढाचे. जेवणघरात शेकोटीच्या दोन्ही अंगांना लहान लिफ्ट लपवलेल्या आहेत, तळघरातून वाइनच्या बाटल्या वर यायला. एका बाजूला फिरतं दार आहे, त्याला मागून फळ्या बसवलेल्या. पलीकडून कोणी त्यावर ताटं मांडायची, दार फिरवायचं, की जेवण खोलीत हजर. वाढणारा माणूस दिसायला नको.

आणि स्वयंपाकघर? ते घराच्या दक्षिणेकडच्या गच्चीखाली आहे. पल्लाडिओच्या इटालियन घरांतही शेतीच्या कामाच्या ओवऱ्या मुख्य घराला दोन्ही बाजूंनी जोडलेल्या असत, पण त्या उघड्यावर, दर्शनी भागाच्या ओळीतच असत. कष्ट घराच्या शोभेत सामील होते. जेफरसननं गुरूच्या त्याच ओवऱ्या घेतल्या आणि टेकडीच्या उतारात बुडवल्या. त्यांच्या छपरांच्या गच्च्या केल्या. पाहुण्यांनी गच्चीवर फिरायचं, दूरचे डोंगर पाहायचे. पायाखाली स्वयंपाकघर, मांस धुरावण्याची खोली, दूधदुभत्याची खोली, कामकऱ्यांच्या खोल्या. तिथून घराच्या पोटात शिरणारी बंदिस्त वाट. डोंगरांचं दृश्य कुठेही अडत नाही. रचना म्हणून ही केवळ अप्रतिम युक्ती आहे.

तळाशी राबणारे कोण होते, हे आता सांगायलाच हवं. जेफरसननं आयुष्यभरात ६०० हून अधिक माणसं गुलाम म्हणून बाळगली. या घराच्या विटा त्यांनी भाजल्या. मलबेरी रो नावाच्या रस्त्याला त्यांची कामाची आणि राहण्याची घरं होती. तिथल्या खिळ्यांच्या कारखान्यात दहा-बारा वर्षांची मुलं खिळे ठोकत. घरातल्या लाकूडकामाचा मोठा वाटा जॉन हेमिंग्ज या गुलाम सुताराचा. आयर्लंडहून आलेल्या जेम्स डिन्समोर या कारागिराच्या हाताखाली तो तयार झाला आणि स्वतः उस्ताद झाला. जेफरसन ४ जुलै १८२६ ला वारला. मृत्युपत्रानं हेमिंग्जसह ५ जणांना मुक्त केलं. उरलेल्यांपैकी सुमारे १३० माणसं, कर्ज फेडण्यासाठी, जानेवारी १८२७ मध्ये याच घराच्या आवारात लिलावाला काढली गेली.

इथे दोन सोपी उत्तरं समोर येतात आणि दोन्ही नाकारली पाहिजेत, असं आम्हांला वाटतं.

पहिलं उत्तर : हा इतिहास आहे, वास्तुकला वेगळी. गुलामगिरी वाईट, पण दर्शनी भाग सुंदर. दोन वह्यांत दोन नोंदी करा आणि पुढे चला. हे उत्तर चुकतं, कारण ते घर नीट पाहत नाही. माँटिचेलोमध्ये गुलामगिरी ही बाहेरून आणून जोडायची माहिती नाही. ती नकाशातच आहे. फिरतं दार, लपलेल्या लिफ्ट, बुडवलेलं स्वयंपाकघर, कोणाच्या नजरेला न पडणाऱ्या वाटा, हीच तर या घराची वास्तुकला आहे. आपण ज्या सहजतेचं, ज्या मोकळ्या दृश्याचं कौतुक केलं, ती सहजता या युक्त्यांमधूनच येते. समतोल दर्शनी भागात आहे, कारण विरोध जमिनीखाली ढकललाय. हे म्हणताना आपण नीतिशास्त्राकडे वळलेलो नाही. आपण वास्तूचंच परीक्षण करतोय, फक्त उभा छेद घेऊन करतोय.

काही जण म्हणतील, आजची कसोटी त्या काळाला का लावता? पण ही कसोटी आजची नाही. सर्व माणसं समान निर्माण झाली आहेत, हे वाक्य ज्याच्या हातचं, त्याचंच हे घर. ‘नोट्स ऑन द स्टेट ऑफ व्हर्जिनिया’ या आपल्या पुस्तकात गुलामगिरीमुळे मालकांच्याही स्वभावाला कशी कीड लागते, हे त्यानं स्वतः लिहिलंय. देव न्यायी आहे या विचारानं आपल्या देशाबद्दल भीती वाटते, असंही लिहिलंय. आपण त्याला त्याच्याच वाक्यांनी मोजतोय. आणि एक शक्यता मनात येते. माणसाला जे पाहवत नाही, तेच तो नजरेआड करतो. दिसू नये म्हणून इतकी कल्पकता खर्च झाली, याचा अर्थ ते डोळ्यांना खुपत असलं पाहिजे. ही आमची अटकळ आहे, सिद्धान्त नव्हे. पण घर तशी अटकळ बांधायला जागा देतं.

दुसरं सोपं उत्तर : मग हे घर कुरूप आहे असंच म्हणा. त्याला सुंदर म्हणणं हा गुन्हा आहे. हे उत्तर संतापातून येतं आणि संताप खरा आहे, पण त्यानं एक नवा अन्याय होतो. ती लाकडी चौकट, तो कोरीव पट्टा, त्या सरळ बसलेल्या विटा यांत जॉन हेमिंग्ज आणि त्याच्यासारख्या अनेकांचं कौशल्य आहे. जेफरसनला शिक्षा म्हणून घराला कुरूप ठरवलं, तर ज्याचं आयुष्य आधीच हिरावलं गेलं, त्याची कारागिरीही आपण हिरावून घेतो. कागदावर रेघ मारणारा आणि लाकडावर रंधा मारणारा यांपैकी पहिल्यालाच सौंदर्याचा कर्ता मानायची जुनी सवय दोन्ही सोप्या उत्तरांत सारखीच आहे.

म्हणून आम्ही म्हणू : घर सुंदर आहे, आणि त्याचं सौंदर्य अस्वस्थ करणारं आहे, आणि ही अस्वस्थता आस्वादाचा भाग आहे. ती आस्वादात आलेला अडथळा नाही. २०१८ साली तिथल्या संग्रहालयानं दक्षिणेच्या त्या बुडालेल्या भागातली, सॅली हेमिंग्जची मानली जाणारी खोली लोकांसाठी खुली केली. त्यामुळे घर कमी सुंदर झालं नाही. अधिक पूर्ण दिसू लागलं.

आता इतर घरांकडे थोडं भराभर पाहू. जॉर्ज वॉशिंग्टनचं माउंट व्हर्नन. बाहेरून दगडी चिऱ्यांचं वाटतं. प्रत्यक्षात पाइनच्या फळ्या आहेत. फळ्यांच्या कडा तासून चिऱ्यांसारखे सांधे दाखवलेत आणि ओल्या रंगावर वाळू मारून दगडाचा खरखरीतपणा आणलाय. नव्या देशाची दगडात बांधण्याची हौस आणि हाताशी असलेलं लाकूड, दोन्ही एका भिंतीत. आणि तरी, माळावरच्या बाजूनं नीट पाहिलंत तर खिडक्या मध्यरेषेला धरून सारख्या बसत नाहीत, कारण आतल्या खोल्या टप्प्याटप्प्यानं वाढत गेल्या. ढोंगी घरही कुठेतरी खरं बोलून जातं. इथे स्वयंपाकघर वेगळ्या इमारतीत आहे, पण खांबांच्या वळणदार ओवरीनं घराला जोडलेलं आणि समोरून सरळ दिसणारं. म्हणजे लपवणं ही काही त्या काळाची सक्ती नव्हती. अर्थात एवढ्यावरून वॉशिंग्टनला मोकळं सोडायचं कारण नाही. १७९९ साली, तो वारला तेव्हा, त्या जमीनजुमल्यावर ३१७ गुलाम माणसं होती.

या घराची आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. घर मोडकळीला आलेलं पाहून १८५३ साली ॲन पामेला कनिंगहॅम या बाईंनी देशभरातल्या स्त्रियांची संस्था उभारली. १८५८ मध्ये २ लाख डॉलरला घर विकत घ्यायचा करार केला. त्या काळी बायकांना मताचा अधिकार नव्हता. अमेरिकेतली जुनी घरं जपण्याची चळवळ इथून सुरू झाली, असं मानतात. कोणती घरं जपायची, हे मात्र पुढे फार काळ एकाच प्रकारे ठरत गेलं : थोर पुरुषांची आणि देखणी.

पुढचं घर विसाव्या शतकातलं. शिकागोमधलं फ्रँक लॉइड राइटचं रोबी हाउस, बांधकाम १९०९-१०. इथे पल्लाडिओ नाही, खांब नाहीत, त्रिकोणी माथा नाही. सगळं आडवं. छपराच्या वळचणी भिंतीच्या कितीतरी पुढे तरंगत आलेल्या. लांबट, चपट्या विटा. विटांचे आडवे सांधे खोल आणि फिकट ठेवलेत, उभे सांधे विटेच्याच रंगाच्या मसाल्यानं भरून टाकलेत, म्हणजे नजरेनं आडवंच धावावं. बैठक आणि जेवणघर यांच्यात भिंत नाही, मध्ये फक्त शेकोटी. माणसांना एकमेकांपासून तोडणाऱ्या पेटीसारख्या खोल्या राइटला मोडायच्या होत्या आणि त्यानं त्या मोडल्या. आजच्या कितीतरी फ्लॅटमध्ये बैठक आणि जेवणाची जागा सलग असते. त्या विचाराच्या पूर्वजांत हे घर आहे.

पण आपली सवय सोडायची नाही. मागच्या बाजूला जाऊ. मोकळेपणा पुढच्या भागात आहे. स्वयंपाकघर आणि नोकरांच्या खोल्या मागच्या वेगळ्या ओळीत, नेहमीसारख्या बंद खोल्यांच्याच. आणि ती तरंगणारी वळचण पोलादी तुळयांवर उभी आहे, त्या तुळया कुठे दिसत नाहीत. इथे माँटिचेलोशी बरोबरी करायची नाही. पगारी नोकर आणि गुलाम यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे, आणि हे अंतर पुसून टाकणारी टीका आळशी टीका असते. तरी प्रश्न उरतो : भिंती मोडणाऱ्यानं नेमकी तीच भिंत का ठेवली?

शेवटचं घर असं, की ते पाहिल्यावर आपली पद्धत कसोटीला लागते. न्यूयॉर्कमधलं ९७ ऑर्चर्ड स्ट्रीट. १८६३ सालची पाचमजली चाळ म्हणा. लुकास ग्लॉकनर या जर्मन स्थलांतरित शिंप्यानं बांधलेली. रस्त्याच्या बाजूला पाहिलंत तर त्या काळच्या इटालियन धाटणीची कॉर्निस आहे, म्हणजे फील्ड गाइडला सांगायला एक नाव आहे. पण त्या नावानं इथलं काही कळत नाही. प्रत्येक बिऱ्हाड सुमारे ३२५ चौरस फुटांचं, ३ खोल्या, आणि बाहेरचा उजेड थेट येतो तो फक्त एका खोलीत. आतल्या खोल्या अंधाऱ्या. पुढे १९०१ चा कायदा आला, तेव्हा आतल्या भिंतींना खिडक्या पाडल्या गेल्या, एका खोलीचा उजेड दुसरीला मिळावा म्हणून. मजल्यामजल्यावर संडास आले. १९३५ पर्यंत इथे सुमारे ७ हजार माणसं राहून गेली असा अंदाज आहे : जर्मन, आयरिश, पूर्व युरोपातले ज्यू, इटालियन. त्या वर्षी, नव्या नियमांप्रमाणे सुधारणा करण्याऐवजी मालकानं बिऱ्हाडकरूंना बाहेर काढलं आणि वरचे मजले बंद केले. त्यामुळे सगळं होतं तसं राहिलं. १९८८ साली स्थापन झालेल्या टेनेमेंट म्युझियमनं ते लोकांपुढे आणलं.

हे घर सुंदर आहे का? मर्ढेकरांचे लयीचे नियम इथे फार वेळ लागणार नाहीत. पण भिंतीत पाडलेली ती आतली खिडकी पाहा. रस्त्यावरून ती दिसत नाही. तिला शैली नाही. तिच्यात कायदा आहे, मालकाची नाखुशी आहे, आणि शेजारच्या खोलीतून येणारा उजेड आहे. माँटिचेलोच्या फिरत्या दाराशी ही खिडकी ताडून पाहिली तर एकाच कलेची दोन टोकं दिसतात. दोन्हींत एका भिंतीला छेद दिलाय. एकातून जेवण येतं आणि माणूस बाहेर राहतो. दुसऱ्यातून उजेड येतो, तो माणसासाठीच. हा फरक ज्याला दिसला, त्याला घर पाहता आलं, असं आम्ही म्हणू, मग शैलीचं नाव आठवो वा न आठवो.

तर तुमच्यापैकी कोणी तिकडे गेलात तर काय करायचं? फील्ड गाइड जरूर न्या. समोरून पाहा, मनसोक्त पाहा, आनंद घ्या, त्यात संकोच नको. मग घराला पूर्ण फेरी मारा. स्वयंपाकघर कुठे आहे विचारा. जिने किती आहेत आणि कोणता जिना कोणासाठी होता, ते विचारा. कोणती वस्तू जे नाही ते असल्याचं भासवतेय, आणि का, ते पाहा. शेवटी, हे घर कोणी जपलं आणि जपताना काय गाळलं, हेही पाहा. माँटिचेलोबद्दल एवढं सांगतो : जेफरसननंतर ते घर कोसळण्यापासून वाचवलं ते युरिया लेव्ही या ज्यू नौदल अधिकाऱ्यानं, १८३४ मध्ये विकत घेऊन. १९२३ पर्यंत ते त्या कुटुंबाकडेच होतं असं म्हटलं तरी चालेल. म्हणजे घराच्या आयुष्यातली जवळजवळ नव्वद वर्षं ‘जेफरसनचं घर’ या नावात मावत नाहीत.

आणि न्यू जर्सीतल्या भाच्याकडे उतरलात, आणि त्यानं अभिमानानं सांगितलं की आमचं घर ‘कलोनियल’ आहे, तर हसू नका. आपल्याकडे वसाहत या शब्दाला वेगळा वास आहे. तिकडे तो घरांच्या जाहिरातीत शोभेचा शब्द झालाय. दोन मजले, मधोमध दार, दोन्ही बाजूंना सारख्या खिडक्या. खिडक्यांना बाहेरून झडपा असतील. त्या ओढून पाहा. पुष्कळदा त्या भिंतीला पक्क्या ठोकलेल्या असतात, मिटत नाहीत, आणि मिटल्या असत्या तरी खिडकीला पुरल्या नसत्या. वादळवाऱ्याला अडवणारी वस्तू आता फक्त जुनेपणाची खूण म्हणून उरलीय. भाच्याला नावं ठेवायची नाहीत. त्याला एवढंच विचारायचं, की या झडपा कोणत्या घराची आठवण सांगतात, आणि त्या घराच्या मागच्या अंगाला कोण राहत होतं? चहा होईपर्यंत गप्पांना विषय मिळेल.

आजच्यापुरतं इथे थांबू. पुढच्या वेळी देवळं आणि चर्च यांच्याकडे वळायचंय. तिथे ‘कोणासाठी’ हा प्रश्न आणखी अवघड होतो. तोवर आपापल्या घराचा नकाशा एकदा कागदावर काढून पाहा. आठवणीतून काढा. कोणती खोली काढायची राहून गेली, ते नंतर तपासा.